आईला घेऊन काठमांडूला

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. प्रवासाला ही म्हण फार लागू पडते. एकाने ठेच खाल्ली आणि ती चार जणांना सांगितली, तर चौघांचे पाय वाचतात.

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमान येते, समुद्र येतो. पण एक परदेश असा आहे की तिथे आगगाडीने आणि मोटारीने जाता येते. तो देश म्हणजे नेपाळ. नेपाळची राजधानी काठमांडू. तिथे बागमती नदीच्या काठी पशुपतिनाथाचे देऊळ आहे. आपल्याकडचे पुष्कळ लोक आपल्या आईला किंवा वडिलांना घेऊन तिथे दर्शनाला जातात. जाताना ते डबा घेतात, पांघरूण घेतात, फुले-बेल घेतात. पण परक्या शहराची माहिती मात्र घेत नाहीत. मग वाटेत फजिती होते.

समजा, आपल्या गावासारख्याच एका गावचा शेतकरी २०२६ सालच्या महाशिवरात्रीला आईला घेऊन निघाला. त्याला आपण तात्या म्हणू. आईचे वय सत्तर. तिला रक्तदाबाची गोळी रोज लागते. दोन वर्षांपूर्वी ती प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकली. तेव्हापासून दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची तिला सवय लागली. तात्या म्हणायचा, "आई, पुरे कर. लोक बघतात." आई म्हणायची, "बघू देत. फुकट का शिकले मी?"

या दोघांना वाटेत काय काय अडचणी आल्या, ते आता पाहू.

१. हद्द ओलांडताना

मुंबईहून नाशिक, भुसावळ या वाटेने गोरखपूरला थेट आगगाड्या जातात. गोरखपूर उत्तर प्रदेशात आहे. तिथून मोटारीने दोन-तीन तासांत सोनौली नावाचे गाव येते. सोनौलीला आपल्या देशाची हद्द संपते. रस्त्यावर एक मोठी कमान आहे. कमानीच्या अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. लोक पायी चालत हद्द ओलांडतात. गौतम बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी तिथून जवळच आहे.

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा तह झाला. त्यामुळे भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा, म्हणजे त्या देशाचा परवाना, लागत नाही. पण आपण कोण, हे दाखवणारा कागद लागतो. मोठ्या माणसाने मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा. विमानाने जाताना तर हे फार काटेकोरपणे पाहतात. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील माणसे यांना दुसरे काही कागद चालतात. तरीही मतदार ओळखपत्र असेल तर ते घेऊनच निघावे.

तात्याने दोघांची ओळखपत्रे घेतली होती. हे त्याने चांगले केले. पण दोन्ही ओळखपत्रे त्याने आपल्याच खिशात ठेवली. आईची गोळ्यांची पुडी आपल्याच पिशवीत ठेवली. पैसेही सगळे आपल्याकडेच ठेवले. उतरायचे कुठे, तो पत्ताही त्याच्याच वहीत. आईच्या हाती काय? फक्त जपमाळ. "तुला कशाला ओझं? मी आहे ना," असे तो म्हणाला. हे तो प्रेमानेच म्हणाला. पण याच प्रेमाने पुढे घोटाळा केला.

कमान ओलांडताच आईने पहिली पाटी वाचली आणि ती थबकली.

"तात्या, अरे, ही तर आपलीच अक्षरं!"

खरेच होते. नेपाळी भाषा देवनागरी अक्षरांत लिहितात. मराठीही देवनागरीतच लिहितात. आकडेही तेच. म्हणजे ज्याला मराठी वाचता येते, त्याला काठमांडूची पाटी वाचता येते. परदेशात जाऊन तिथल्या पाट्या वाचता याव्यात, ही केवढी सोय!

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. अक्षर ओळखीचे असले, तरी शब्द ओळखीचा असतोच असे नाही. दुकानाला नेपाळीत 'पसल' म्हणतात. थोरल्या भावाला 'दाइ' म्हणतात. 'भोलि' म्हणजे उद्या. वाचता येणे ही पहिली पायरी. अर्थ विचारून घेणे ही दुसरी पायरी. दुसरी पायरी गाळली की पाय घसरतो.

२. शहराला प्रदक्षिणा

हद्दीपासून काठमांडूपर्यंत डोंगरातला लांबचा प्रवास आहे. सारा दिवस मोटारीत जातो. शहरात शिरल्यावर गाडी गोंगबू नावाच्या मोठ्या मोटारतळावर थांबली. दोघांना जायचे होते गौशाला या भागात. पशुपतिनाथाचे देऊळ तिथून अगदी जवळ. तिथल्या एका धर्मशाळेत त्यांची उतरायची सोय होती.

काठमांडूच्या भोवती एक गोल रस्ता आहे. त्याला 'चक्रपथ' म्हणतात. तो सुमारे २७ किलोमीटर लांबीचा आहे. गोंगबू याच रस्त्यावर आणि गौशालाही याच रस्त्यावर. या रस्त्यावर दोन्ही अंगांनी गाड्या फिरतात.

तात्याने एका माणसाला वाट विचारली. तो म्हणाला, "दायाँ." तात्याच्या कानाला ते 'डावीकडे' असे ऐकू आले. नेपाळीत 'दायाँ' म्हणजे उजवीकडे. डावीकडे म्हणायचे असेल तर 'बायाँ' म्हणतात. तात्या डावीकडे वळला. समोर गाडी उभी होती. गाडीवर 'चक्रपथ' लिहिले होते. झाले! दोघेही चढले.

गाडी निघाली. आई खिडकीतून पाट्या वाचू लागली. "स्वयम्भू... कलंकी... सातदोबाटो..." अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. गौशाला काही येईना. गर्दी वाढली. आईचे पाय सुजू लागले. शेवटी ती म्हणाली, "तात्या, एकदा विचार तरी."

"कशाला विचारायचं? पाटी वाचूनच बसलोय," तात्या म्हणाला.

आईने मग स्वतःच शेजारच्या बाईला विचारले. तिने फक्त एकच शब्द उच्चारला, "गौशाला?" बाईने हसून हाताने मोठा गोल काढून दाखवला. आईला सगळे समजले. पूर्वेकडून गेले असते, तर गौशाला जवळ होती. हे दोघे पश्चिमेकडून निघाले होते. गौशालाला ते पोहोचले, पण जवळजवळ सगळ्या शहराला फेरा घालून.

उतरताना आई म्हणाली, "देवाला प्रदक्षिणा घालायला आलो होतो. आधी गावालाच घातली!"

यातून काय शिकायचे? गाडीवरचे नाव वाचले एवढ्याने भागत नाही. गाडी कोणीकडे जाते, हेही विचारावे. उजवे-डावे तोंडाने विचारू नये, हाताने दाखवून विचारावे. हात सगळ्या भाषा बोलतो. आणि एकाला विचारले की पुढे दुसऱ्यालाही विचारावे. दोघांचे उत्तर एक आले, तरच पाऊल टाकावे.

३. रुपया आणि रुपया

काठमांडू समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळपास. महाशिवरात्रीच्या सुमारास तिथे रात्री कडाक्याची थंडी असते. आईला हुडहुडी भरली. तात्याने दुकानात शाल पाहिली आणि विचारले, "कितीला?"

'किती'ला नेपाळीत 'कति' म्हणतात. दुकानदाराला प्रश्न कळला. तो म्हणाला, "चार सय." म्हणजे चारशे. तात्याने शंभराच्या चार नोटा मोजून दिल्या. या नोटा भारतीय होत्या.

इथे चूक कुठे झाली? आपल्या नाण्याचे नाव रुपया आणि नेपाळच्या नाण्याचेही नाव रुपयाच. पण दोन्हींची किंमत सारखी नाही. १९९३ सालापासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये, हा भाव ठरलेला आहे. आता हिशेब करून पाहू.

१०० भारतीय रुपये = १६० नेपाळी रुपये.
२०० भारतीय रुपये = ३२० नेपाळी रुपये.
२५० भारतीय रुपये = ४०० नेपाळी रुपये.

शालीची किंमत ४०० नेपाळी रुपये. म्हणजे आपले २५० रुपये. तात्याने दिले ४००. दीडशे रुपये जास्तीचे गेले असते. पण दुकानदार सचोटीचा होता. त्याने नोटा पाहिल्या आणि हाक मारली, "आमा, ओ आमा!" त्याने २४० नेपाळी रुपये परत दिले. 'आमा' म्हणजे आई.

आई म्हणाली, "भला माणूस भेटला. पण दर खेपेला भला माणूसच भेटेल, असं धरून चालू नये."

तेव्हा किंमत विचारताना दोन गोष्टी विचाराव्यात. किती रुपये? आणि कुठले रुपये, नेपाळी की भारतीय? भारतीय रुपयाला तिथे 'आईसी' असेही म्हणतात.

नोटांची आणखी एक गोष्ट आहे. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटा वापरायला मनाई केली होती. असे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून निघण्याआधी आपल्या बँकेत विचारावे. १०० रुपयांच्या नोटा जवळ ठेवणे सोयीचे. आणि पैसे बदलायचे ते बँकेत किंवा परवाना असलेल्या दुकानातच बदलावेत. रस्त्यावर कोणी जास्त भाव देऊ लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे.

४. देवळात चुकामूक

महाशिवरात्रीचा दिवस उजाडला. त्या दिवशी पशुपतिनाथाला लाखो माणसे येतात. नेपाळभरातून येतात, भारतातूनही येतात. अंगाला राख फासलेले साधू येतात. पहाटेपासून रांगा लागतात.

देऊळ पाहण्यासारखे आहे. त्याला एकावर एक अशी दोन छपरे आहेत. छपरांना सोन्याचा मुलामा आहे. दारांवर चांदीचे पत्रे आहेत. आवारात मोठा सोनेरी नंदी आहे. आतले शिवलिंग चार मुखांचे आहे. म्हणून गाभाऱ्याच्या चारी दारांनी देवाचे दर्शन होते. इथले मुख्य पुजारी फार जुन्या प्रथेप्रमाणे दक्षिण भारतातून, कर्नाटकाकडून आलेले असतात. आत चामड्याची वस्तू नेत नाहीत आणि फोटो काढू देत नाहीत.

देवळाच्या आवारालाही चारी दिशांना दरवाजे आहेत. एरवी लोक पश्चिमेच्या दरवाजाने जातात-येतात. बाकीचे दरवाजे सणाच्या दिवशी उघडतात. तात्याला हे ठाऊक नव्हते. दोघांनी पश्चिम दरवाजाबाहेर चपला ठेवल्या आणि ते आत गेले.

दर्शन झाले. आईने हात जोडले आणि डोळे मिटले. तेवढ्यात मागून लोंढा आला. तात्याच्या हातातून आईचा हात सुटला. आईने डोळे उघडले तो तात्या नाही. लोंढा तिला ढकलत ढकलत दुसऱ्याच दरवाजाने बाहेर घेऊन गेला.

तात्याच्या पोटात गोळा उठला. "आई! आई!" तो ओरडू लागला. चारी बाजूंना घंटा, शंख आणि माणसांचा गोंगाट. कोण ऐकणार? तो पश्चिमेला धावला, दक्षिणेला धावला, नदीच्या घाटावर धावला. तिथे चिता जळत होत्या. त्या पाहून त्याचे मन आणखीच घाबरले. खिशात मोबाइल होता. पण आपल्या देशातला मोबाइल परदेशात आपोआप चालत नाही. त्याची वेगळी सोय निघण्याआधीच करून घ्यावी लागते. ती त्याने केलेली नव्हती. आणि आईजवळ तर मोबाइलच नव्हता.

त्याने खिसा चाचपला. आईचे ओळखपत्र त्याच्याच खिशात. पत्ता त्याच्याच वहीत. पैसे त्याच्याकडे. सकाळची गोळीही त्याच्याच पिशवीत राहिलेली. त्याला रडू कोसळले. आपण आईला देवाला आणले, की घालवायला आणले?

आता आईकडे काय घडले, ते पाहू.

आईही घाबरली. पाय अनवाणी. जमीन थंडगार. आजूबाजूला सगळे परके. ती क्षणभर भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने मनाशी विचार केला. धावून काय होणार? मी इकडे धावले आणि तो तिकडे धावला, तर दिवसभर भेट व्हायची नाही.

तिने पाट्या वाचायला सुरुवात केली. एक वाचली, दोन वाचल्या. थोड्या अंतरावर तिला निळी पाटी दिसली. तीवर लिहिले होते, 'प्रहरी'. पाट्या वाचता वाचता हा शब्द तिने दोन दिवसांत चार वेळा पाहिला होता. प्रत्येक वेळी पाटीखाली वर्दीतला माणूस होता. मराठीत प्रहरी म्हणजे पहारेकरी. आईने ताडले, की इथे पोलिसाला प्रहरी म्हणत असावेत. ती नीट तिथे गेली.

वर्दीतल्या तरुणाने विचारले, "आमा, के भयो?" म्हणजे, आई, काय झाले?

आईला पुढचे बोलता येईना. गळा दाटून आला. तिने हातानेच लिहिण्याची खूण केली. त्याने कागद आणि पेन्सिल दिली. आईने खाली बसून सावकाश लिहिले. आपले नाव लिहिले. मुलाचे नाव लिहिले. गाव, तालुका, जिल्हा, महाराष्ट्र, भारत असे सगळे लिहिले. पण उतरलो कुठे? धर्मशाळेचा पत्ता तर तात्याच्या वहीत.

आईने डोळे मिटून आठवले. मोटारीतून उतरलो तेव्हा पाटी होती, 'गौशाला'. धर्मशाळेच्या समोर पाटी होती, 'औषधि पसल'. या शब्दाचा अर्थ तिला पक्का ठाऊक नव्हता. पण अक्षरे डोळ्यांपुढे होती. तिने जशीच्या तशी लिहिली: गौशाला. धर्मशाळा. समोर औषधि पसल.

तरुणाने कागद वाचला. अक्षरे त्याचीही तीच. औषधि पसल म्हणजे औषधाचे दुकान. त्याचा चेहरा उजळला. त्याने आईला खुर्ची दिली, गरम चहा दिला, पायाखाली पोते अंथरले. मग कागद ध्वनिक्षेपकाजवळच्या माणसाकडे नेला.

थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकातून आवाज आला. भाषा नेपाळी होती. तात्याला बाकीचे काही कळले नाही. पण तीन शब्द त्याच्या कानांत शिरले. महाराष्ट्र, आईचे नाव आणि त्याचे स्वतःचे नाव. तो जागीच थांबला. त्याने जवळच्या माणसाला हाताने विचारले. त्या माणसाने त्याला धरून चौकीपर्यंत पोहोचवले.

आई खुर्चीवर बसून चहा पीत होती.

तात्याने तिचे पाय धरले. आई म्हणाली, "ऊठ. आधी माझी गोळी दे. आणि माझं ओळखपत्र माझ्यापाशी दे. मी काही गाठोडं नाही, इथून उचललं न् तिथं ठेवलं."

वाचकहो, या पाठातले हेच मुख्य सांगणे आहे. म्हाताऱ्या माणसाला आपण बोटाला धरून नेतो. पण बोट सुटू शकते. बोट सुटल्यावर त्याच्यापाशी काय उरते, याचा विचार निघण्याआधी करावा. कागद, गोळी, थोडे पैसे आणि पत्ता ज्याचे त्याच्याजवळ हवे. आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे ज्याचे त्याला वाचता-लिहिता यायला हवे. तो आधार गर्दीत हातातून सुटत नाही.

५. तिकीट आणि घड्याळ

दुसऱ्या दिवशी तात्या परतीचे तिकीट काढायला गेला. या वेळी त्याने आईलाही बरोबर नेले. तिकिटावर लिहिले होते: २०८२, फागुन ५ गते, बिहान ७ बजे.

तात्या चक्रावला. "सन २०८२? अजून छप्पन्न वर्षांनी जायचं की काय?"

नेपाळात विक्रम संवत चालते. ते इंग्रजी सनापेक्षा ५६-५७ वर्षे पुढे असते. तिथले नवे वर्ष एप्रिलच्या मध्यावर, वैशाख महिन्यात सुरू होते.

आई म्हणाली, "फागुन म्हणजे फाल्गुन. पण फाल्गुन अजून लागलाय कुठे? माघाची अमावास्याच व्हायची आहे."

आईचे म्हणणे मराठी पंचांगाप्रमाणे बरोबर होते. पण आपले महिने चंद्राप्रमाणे चालतात. अमावास्या झाली की नवा महिना. नेपाळच्या व्यवहारातले महिने सूर्याप्रमाणे चालतात. सूर्याची संक्रांत झाली की नवा महिना. म्हणून नावे सारखी, पण दिवस वेगळे. महाशिवरात्र दोन्हीकडे एकाच दिवशी येते, कारण सण दोघेही तिथीप्रमाणे पाळतात. 'गते' म्हणजे त्या महिन्याची तारीख. आणि 'बिहान' म्हणजे सकाळ.

आईने खिडकीतल्या माणसाला विचारले, "गाडी कधी?" तो म्हणाला, "भोलि, आमा, भोलि."

आई रागावली. "मला भोळी म्हणतो का रे?"

मागच्या माणसाने हिंदीत सांगितले, "माताजी, भोलि म्हणजे कल." म्हणजे उद्या. सगळेच हसले. विचारले नसते, तर गाडी निघून गेली असती आणि हे दोघे फाल्गुनाची वाट पाहत बसले असते.

पण घोटाळा अजून एक राहिलाच होता. दुसऱ्या दिवशी दोघे लवकर उठले आणि तळावर पोहोचले. तात्याच्या घड्याळात सातला दहा कमी होते. खिडकीतला माणूस म्हणाला, "बस गयो."

"गयो? अजून दहा मिनिटं आहेत!" तात्याने घड्याळ दाखवले. त्या माणसाने भिंतीवरचे घड्याळ दाखवले. त्यात सात वाजून पाच मिनिटे झाली होती.

तात्याचे घड्याळ बंद नव्हते आणि भिंतीवरचेही चुकीचे नव्हते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. असे का? सूर्य पूर्वेला आधी उगवतो. भारताची वेळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून ठरवली आहे. नेपाळची वेळ गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या रेषेवरून ठरवली आहे. हे शिखर मिर्झापूरच्या पूर्वेला आहे. तिथे सूर्य पंधरा मिनिटे आधी डोक्यावर येतो. १९८६ सालापासून नेपाळने ही वेळ धरली आहे. म्हणून हद्द ओलांडली की पहिले काम, घड्याळ १५ मिनिटे पुढे करायचे. परत येताना १५ मिनिटे मागे. मोबाइलला तिथले जाळे मिळाले नाही, तर तोही भारताचीच वेळ दाखवत राहतो.

तात्याला पुढच्या गाडीत जागा मिळाली. त्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागले. पैसे मोजून दिले ते आईने. आता थोडे पैसे तिच्याकडेही होते.

६. हे लक्षात ठेवा

(१) प्रत्येकाचे ओळखपत्र प्रत्येकाजवळ असावे. त्याची एक नक्कल पिशवीत वेगळी ठेवावी.

(२) उतरण्याच्या जागेचे नाव, भाग आणि फोन नंबर दोन चिठ्ठ्यांवर लिहावा. एक चिठ्ठी आईजवळ, एक आपल्याजवळ.

(३) रोजची औषधे ज्याची त्याच्याजवळ द्यावीत. दोन-तीन दिवसांची जास्तीची असावीत.

(४) गर्दीत शिरण्याआधीच ठरवावे, की चुकामूक झाली तर कुठे भेटायचे. जो हरवला त्याने धावू नये. एका जागी थांबावे किंवा पोलिसांकडे जावे.

(५) मोबाइल परदेशात चालावा म्हणून निघण्याआधी कंपनीकडे चौकशी करावी.

(६) नेपाळात पोलिसांचा नंबर १०० आहे. रुग्णवाहिकेचा नंबर १०२ आहे. प्रवाशांना मदत करणाऱ्या पोलिसांचा नंबर ११४४ आहे.

(७) कागदपत्रे हरवली तर आधी पोलिसांत कळवावे. मग भारताच्या वकिलातीत जावे. ती काठमांडूत लैनचौर या भागात आहे.

नवे शब्द

आमा – आई
दाइ – थोरला भाऊ
पसल – दुकान
औषधि पसल – औषधाचे दुकान
अस्पताल – इस्पितळ
प्रहरी – पोलीस
बाटो – वाट, रस्ता
दायाँ – उजवीकडे
बायाँ – डावीकडे
कति – किती
सय – शंभर
हिजो – काल
भोलि – उद्या
बिहान – सकाळ
गते – तारीख

आता उत्तरे सांगा

(१) आईला 'प्रहरी' या शब्दाचा अर्थ कसा कळला?

(२) काठमांडूच्या दुकानात एका घोंगडीची किंमत ८०० नेपाळी रुपये सांगितली. आपले किती रुपये द्यावे लागतील?

(३) नेपाळात गाडी सकाळी ६ वाजता सुटते. तुमच्या घड्याळात अजून भारताची वेळ आहे. गाडी सुटेल तेव्हा तुमच्या घड्याळात किती वाजले असतील?

(४) उद्या तुम्ही आईला किंवा वडिलांना घेऊन लांबच्या गावी निघालात, असे समजा. त्यांच्याजवळ ठेवायची चिठ्ठी आज आपल्या वहीत लिहा. मग ती त्यांनाच वाचायला द्या. त्यांना वाचता येत नसेल, तर त्यांना अक्षरे शिकवायला आजपासूनच सुरुवात करा.